एकोणीस घरांना एक पत्र

निवडणुकीला अकरा दिवस उरले असताना मेजरचा प्रचार सांभाळणारा आर्ची बीटन त्याच्यापुढे एक कल्पना घेऊन आला. आर्चीला कल्पना सुचली की आमच्या काउंटीत कुणाचं ना कुणाचं नुकसान होतंच, आणि या वेळी पाळी मेजरची होती.

कल्पना अशी. मेजर लॉक्लन चिझमच्या कंपनीतली एकोणीस पोरं बारा वर्षांपूर्वी, महायुद्धात, इटलीत पडली. सगळी याच काउंटीची. प्रत्येकाच्या आईला मेजरनं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं होतं, आणि ती पत्रं आजही घरोघर जपून ठेवलेली होती. कुणी चौकट करून भिंतीवर लावलेलं, कुणी बायबलात घातलेलं. तर त्या सगळ्या आयांना माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये चहाला बोलवायचं, येताना पत्र घेऊन या म्हणायचं, एकेकीनं उभं राहून ते वाचायचं, आणि साप्ताहिकाच्या माणसानं फोटो काढायचे. आर्चीचं म्हणणं होतं की पक्षानं छापलेलं पत्रक दुसऱ्या दिवशी चुलीत जातं. ही पत्रकं बारा वर्षं टिकली होती.

मेजर तेव्हा आरशासमोर टाय बांधत होता. त्यानं गाठ सोडली, बांधली, पुन्हा सोडली, आणि हे जरा बाजारू वाटेल असं म्हणाला. आर्ची म्हणाला, वाटलं असतं, पण फादर रँकिननी कालच मिस्सा संपताना वेदीवरून जाहीर केलंय, तेव्हा आता ते पवित्र आहे.

आर्चीला दोष देता येत नव्हता. युद्धात तोही होता, पण इंग्लंडमधल्या एका कोठारात. सहा वर्षं त्यानं साम्राज्याची ब्लँकेटं शत्रूच्या हाती पडू दिली नाहीत. पडलेल्या शिपायाच्या घरी त्याचा अधिकारी पत्र लिहितो, एवढं त्याला माहीत होतं. ते कसं लिहितो हे माहीत नव्हतं.

ते असं लिहितो. इटलीतल्या एका गावात छप्पर उडालेली एक कोठी होती. सकाळची वेळ. वाईनच्या रिकाम्या पिंपावर फळी, फळीवर कागद, आणि शेजारी पलटणीच्या पाद्र्यानं दिलेला नमुना. लॉकी चिझम एकोणतीस वर्षांचा, मेजर नव्हे, कॅप्टन. तोही वरचे दोघं आठवड्यात गेले म्हणून. ज्या नदीवर एकोणीस पोरं गेली ती आमच्याकडे असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. पहिलं पत्र लिहायला त्याला दीड तास लागला. दुसऱ्याला तासभर. चौथ्यापासून हात आपला आपण चालू लागला. तुमचा मुलगा सगळ्या कंपनीचा लाडका होता. तो तत्क्षणी गेला, त्याला काहीही यातना झाल्या नाहीत. आदल्या संध्याकाळीच तो तुमच्या हातच्या ओटच्या भाकरीची आठवण काढत होता.

हे भाकरीचं वाक्य नमुन्यात नव्हतं. ते लॉकीचं स्वतःचं. कुठल्या तरी एका पोराच्या तोंडून त्यानं ते खरंच ऐकलं होतं आणि बरं वाटलं म्हणून एकोणिसांनाही वाटून टाकलं. कुठल्या पोराच्या, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो स्वतःच विसरला. दुपारी एकोणीस पाकिटं टपालाच्या पिशवीत पडली. आतला मजकूर शब्दाला शब्द तोच, बदललेलं फक्त नाव. एका घरी एक पत्र जाणार, ताडून बघायला कोण बसलंय, असं त्याला वाटलं. गिरणीवाल्या चिझमांचा मुलगा; गावात वाढलेला; डोंगरापलीकडच्या स्वयंपाकघरांत काय चालतं याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

आता सोळा बायका एका छपराखाली ती पत्रं मोठ्यानं वाचणार होत्या. तिघी एव्हाना पोरांकडे पोचल्या होत्या.

एवढंच असतं तर मेजरनं ते निभावून नेलं असतं. आठ वर्षं विधानसभेत बसलेल्या माणसाला तेच तेच ऐकवल्याची लाज किती वाटणार? झोप उडाली होती ती एका पत्रामुळे. ते डंकन मॅकएकर्नच्या आईला लिहिलेलं. बाकीच्या अठरांत त्यानं जे लिहिलं ते ठाऊक नसताना किंवा दयेपोटी लिहिलं होतं. डंकनच्या पत्रात तो लपला होता.

नदीपलीकडे एक दगडी शेतघर होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी आपल्या तोफा त्याच्यावर आग ओतणार, त्या थांबल्या की कंपनीनं पुढं सरायचं, असं ठरलेलं. लॉकीनं दुर्बिणीतून पाहिलं तर घर रिकामं. आयतं घर समोर असताना वाट कशाची बघायची? वीस मिनिटं आधीच त्यानं डंकन आणि आणखी दोघांना तिकडं पाठवलं, आणि तोफखान्याला कळवायला माणूस मागे धाडला. तिघांनी घर घेतलं. धाडलेला माणूस चिखलात रस्ता चुकला. सहा वाजून दहा मिनिटांनी आपल्या तोफांनी ते घर ठरल्याप्रमाणे, मोठ्या नेमानं फोडलं. मागच्या खोलीतले, दुसऱ्या काउंटीतले दोघं वाचले, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका नदीवर गेले. डंकन खिडकीशी होता. तो तत्क्षणी गेला नाही. साडेनऊ वाजता गेला.

त्या पडक्या भिंतींच्या आडोशानं कंपनी मात्र नदीपार झाली. लॉकीला मिलिटरी क्रॉस मिळाला. सोबतच्या कागदात त्याच्या ‘धाडसी पुढाकारा’चा उल्लेख होता.

पदकवाला माणूस भाषणाला उभा राहिला की त्याला भाषण करावं लागत नाही, हे पक्षाच्या लोकांनी परतलेल्या जहाजाच्या धक्क्यावरच ओळखलं होतं. लॉकीला लाकडाची गिरणी चालवायची होती. तीन वर्षं तो नाही म्हणत राहिला आणि तीन वर्षं लोक त्याचा हा विनय बघून आणखीच खूष होत गेले. शेवटी उभा राहिला, पडायचा प्रयत्न केल्यासारखा प्रचार केला आणि दणदणीत निवडून आला. आमच्याकडे दोन्ही पक्ष मतदाराला रमची अर्धी बाटली देतात. मेजरच्या पक्षानं त्या साली पाव दिली आणि बाकीची जागा पदकानं भरून काढली. दुसऱ्या खेपेला तो पुन्हा आला. यंदा तिसरी खेप होती, आणि जिंकला तर रस्त्यांचं खातं मिळणार अशी बोलवा होती.

चहा शनिवारी होता. गुरुवारी मेजर गाडी काढून एकटाच डोंगरापलीकडे गेला. डंकनच्या आईला आधी गाठायचं, सगळं सांगून टाकायचं, मग शनिवारी काय व्हायचं ते होवो, असं ठरवून.

डंकनच्या आईचं नाव केट. आमच्याकडे निम्मी काउंटी एकाच आडनावाची, त्यामुळे बायकांना नवऱ्याच्या नावानं ओळखतात; ती केट नील. मुख्य रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत डांबर होतं. मेजर पहिल्यांदा निवडून आला त्या वर्षीच ते पडलं. त्या फाट्यावर दुसरं घर नाही. तिथंच का, असं त्याला कुणीही विचारलं नव्हतं. काउंटीत डांबराचं कारण विचारायची पद्धत नाही.

नीलनं गोठ्याच्या दारावर मेजरचा फोटो ठोकला होता. चार खिळे पुरले असते, त्यानं नऊ मारले होते, वारा फार म्हणून. आत गेल्यावर त्यानं मेजरला चुलीजवळची खुर्ची दिली आणि यंदाचे शेवंडे, डिझेल आणि समोरच्या पक्षाचा नालायकपणा यांवर तासभर सांगितलं. मेजर हो हो म्हणत होता आणि त्याची नजर भिंतींवरून फिरत होती. येशूची तसबीर होती, पोपची होती, डंकनचा वर्दीतला फोटो होता. पत्र कुठे दिसेना.

एकदा नील लाकडं आणायला बाहेर गेला. मेजरनं कप खाली ठेवला. केट नील त्याच्याकडे बघत होती.

‘तू खात नाहीस, लॉकी,’ ती म्हणाली. ‘भाकरी वातड झालीय का?’

तो म्हणाला, नाही, छान आहे, आणि ओटच्या चार भाकऱ्या लोणी लावून खाल्ल्या. तेवढ्यात नील लाकडं घेऊन आला. निघताना केटनं ब्लूबेरीच्या मुरंब्याची बरणी त्याच्या हातात दिली. ज्या माणसानं नदीपलीकडचं घर वीस मिनिटं आधी घेतलं तो मुरंबा मांडीवर घेऊन परत आला.

शनिवारी तीन वाजता हॉल भरला. सोळा बायका काळ्या कोटांत, छातीवर सरकारनं आयांना दिलेला रुप्याचा क्रॉस, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये पत्र. नवऱ्यांना आमंत्रण नव्हतं. ते बाहेर आपापल्या ट्रकमध्ये बसून होते, कारण आमच्याकडचा पुरुष बायकोला सोडून घरी जात नाही आणि बायकांच्या चहालाही येत नाही. मेजर पदक लावून व्यासपीठावर बसला होता. पदक आर्चीनं लावायला लावलं होतं.

आर्चीनं पहिलं नाव मेरी डॅनचं पुकारलं. मेरी डॅन सत्तरीची, हाडकुळी, आणि काउंटीतली सगळ्यात वाईट स्वयंपाकीण म्हणून नाव कमावलेली. ती उठली, चष्मा लावला, आणि दुकानदार सामानाची यादी वाचतो तशी भराभर वाचून मोकळी झाली. ओटच्या भाकरीची आठवण काढत होता, इथं आल्यावर हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

मग फ्लोरा ह्यूई उठली. ती हळू वाचायची. तुमचा मुलगा सगळ्या कंपनीचा लाडका होता. तो तत्क्षणी गेला. दुसऱ्या वाक्यालाच आर्चीनं मान वर केली. भाकरी आली तेव्हा त्यानं मेजरकडे बघितलं. मेजर टेबलावरच्या फुलांकडे बघत होता, आणि ती कागदाची होती.

तिसरं पत्र झालं. चौथ्याला फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. पाचव्या पत्राला मागच्या टेबलावरच्या बायका वाचणारीबरोबर म्हणू लागल्या. आधी दोघी, मग सगळ्याच, जपमाळेला म्हणतात तशा एका सुरात. कुणी कागदाकडे बघतसुद्धा नव्हतं. तत्क्षणी गेला. काहीही यातना झाल्या नाहीत. भाकरीपाशी आवाज एकदम खाली आला आणि थांबला.

मेजर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं, पण बसून ऐकणं आता जमत नव्हतं.

‘बस, लॉकी,’ मेरी डॅन म्हणाली. ‘आम्हाला त्याच हिवाळ्यात कळलं होतं.’

मग तिनंच सगळं सांगितलं. त्या हिवाळ्यात बायका बुधवारी चर्चच्या तळघरात जमून सैन्यासाठी मोजे विणायच्या. पत्रं आली तशी ज्या त्या बाईनं ती पर्समधून आणली, आणि एका बुधवारी मेरी डॅननं आपलं वाचून दाखवलं. भाकरीचं वाक्य आलं आणि एकेकीनं आपलं पत्र उघडलं.

‘माझ्या भाकरीची आठवण,’ मेरी डॅन म्हणाली. ‘माझ्या भाकरीला कंटाळून तो सैन्यात गेला होता, बाबा.’

हॉलमध्ये हसू पसरलं. फोटोवालाही हसला. मेजर हसला नाही. फ्लोरा ह्यूई म्हणाली की तेव्हा काही बोलायचं नाही असं ठरलं, कारण लॉकी अजून तिकडेच होता आणि त्याची स्वतःची आई दर सकाळी टपालकचेरीच्या दारात उभी असायची. पोरगं दमलं असेल, असं त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. नंतर तो परत आला, मोठा माणूस झाला, कुणी एकटीनं जाऊन विचारावं असं राहिलं नाही. सगळ्या मिळून जावं म्हटलं तर सोळा बायका एका जागी बोलवणार कोण?

‘आर्चीनं बोलावलं,’ मेरी डॅन म्हणाली, ‘त्याचं देव भलं करो. आता ज्याचं त्याचं नीट सांग. आम्ही म्हाताऱ्या झालो. बरं वाटेल असं काही सांगू नकोस, ते आमच्याकडे आहे.’

आर्चीनं फोटोवाल्याला हळूच दंडाला धरून बाहेर नेलं आणि शाळेमागच्या नव्या डांबराचे फोटो काढायला सांगितलं. फोटोवाला म्हणाला, कुठल्या बाजूनं? आर्ची म्हणाला, सगळ्या.

मेजर व्यासपीठावरून खाली उतरला, एक खुर्ची ओढून पहिल्या टेबलाशी बसला. सुरुवातीला त्याचा आवाज विधानसभेतला लागला. मेरी डॅननं कपाळाला आठी घातली तसा तो उतरला. तिचा मुलगा सुरुंगावर गेला, त्यानं सांगितलं, आणि हल्ल्यात नव्हे; शेतात एक मोकाट शेळी होती, तिचं दूध काढायला भांडं घेऊन निघाला होता. मेरी डॅननं विचारलं, भांडं भरलं होतं का? नाही, जाताना. ती म्हणाली की त्याला दुधाचं वेड लहानपणापासून. फ्लोराचा मुलगा नदीत बुडाला. मेजरनं ते पाहिलं नव्हतं, हेही त्यानं सांगितलं. एकाला मान सोडून दुसरीकडे कुठे जखमच नव्हती. एक खरोखर तत्क्षणी गेला होता. त्याच्या आईचा विश्वास बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चौघींना त्याला सांगावं लागलं की मला आठवत नाही. तोफा, पदक, आठ वर्षांची भाषणं यांतलं काहीच त्याला इतकं जड गेलं नव्हतं. पोराचं नाव आठवत होतं, चेहरा आठवत होता, मरण आठवत नव्हतं. त्यांतली एक रडली. दुसरीनं त्याच्या गुडघ्यावर थापटलं. ते थापटणं त्याला नको होतं, पण पाय काढून घेता येईना.

पाच वाजत आले. केट नील खिडकीजवळच्या टेबलाशी एकटीच बसली होती, पर्स न उघडता. तिचा नंबर शेवटचा आला होता. तो तसा यावा म्हणून मेजर दोन टेबलांना वळसा घालून गेला होता.

तो उठला तसं आर्चीनं त्याला मागच्या स्वयंपाकघरात ओढलं. आर्चीला काही ठाऊक नव्हतं, पण बाहेरून आल्यापासून तो मेजरचा चेहरा बघत होता आणि कोठारवाल्याला कुठल्या गठ्ठ्यात ओल आहे ते कळतं.

‘तिचं पत्र आहे तसं राहू दे,’ आर्ची म्हणाला. ‘आतापर्यंत झालं ते सोनं झालं, लॉकी. बायका तुला घरी जाऊन दुवा देतील. इथं थांब.’

मेजर म्हणाला, तिनं ऐकायला हवं.

‘ऐकेल ना. निवडणूक झाल्यावर ऐकेल. सहा दिवसांचा प्रश्न आहे. बारा वर्षं थांबलास, सहा दिवसांनी काय बिघडतंय?’

गेली बारा वर्षं मेजर स्वतःला नेमकं हेच सांगत आला होता; फक्त त्याचा हिशेब कधी सहा दिवसांवर आला नव्हता. तो बाहेर आला. आर्ची चहाच्या कपबशा धुवायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

केट नीलनं समोरची खुर्ची पायानं पुढे ढकलली. मेजर बसला आणि त्यानं सांगितलं. शेतघर. दुर्बीण. वीस मिनिटं. चिखलात चुकलेला माणूस. तोफा आपल्याच होत्या, इथं तो थांबला, कारण केटनं हात किंचित वर केला होता.

‘जर्मन नव्हते?’

‘नाही.’

‘पाठवलंस तू.’

‘मी पाठवलं. थांबायचा हुकूम होता. घर रिकामं दिसलं म्हणून पाठवलं.’

‘आणि ते,’ तिनं बोट न लावता त्याच्या छातीकडे बघितलं, ‘ते त्याच घराचं.’

‘हो.’

शेजारच्या टेबलावरच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. मेरी डॅन उठली, सगळ्यांना कोट घालायला लावले आणि मेंढरं हाकावीत तशी हॉलबाहेर काढली. जाता जाता आर्चीलाही.

‘किती वेळ होता?’ केटनं विचारलं.

मेजर म्हणाला, तीन तासांहून जास्त. त्याला खंदकात आणून ठेवला होता. मी दहा मिनिटं त्याच्याजवळ होतो.

‘दहा मिनिटं का?’

‘ब्रिगेडियर आले होते. घर कसं घेतलं ते बघायला. मला बोलावलं.’

केटनं विचारलं की त्या दहा मिनिटांत तो काय म्हणाला.

‘पाणी मागितलं. दिलं. मग म्हणाला, बूट काढ. पाय आवळलेत.’ मेजरनं टेबलाखाली आपल्याच बुटांकडे बघितलं. ‘बूट चिखलानं भरले होते, नाड्या सुटत नव्हत्या. एक अर्धा सैल केला. तेवढ्यात बोलावणं आलं. मी म्हटलं, आलोच. परत आलो तेव्हा गेला होता. बूट पायातच होते.’

खिडकीबाहेर ट्रक एकेक करून सुरू होत होते. केट नीलनं मांडीवरची पर्स सरळ केली. ती रडेल असं मेजरला वाटलं, मग ओरडेल असं वाटलं, आणि दोन्हींसाठी तो तयार होता. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही.

‘त्याला बूट कधी सोसले नाहीत,’ ती म्हणाली. ‘सप्टेंबरपर्यंत अनवाणी असायचा.’

मेजर म्हणाला की मी माफी मागायला आलेलो नाही, ती मागण्यासारखी गोष्ट नाही, पण तुम्ही मला जे म्हणाल ते. केटनं त्याला पुढं बोलू दिलं नाही.

‘मी तुला काही म्हणणार नाही. आज तरी नाही. घरी जाऊन मला काय म्हणायचंय ते मला कळेल. परवा तू येऊन भाकरी खाऊन गेलास. चार खाल्ल्यास. तेव्हा माहीत होतं तुला.’

‘हो.’

‘सांगायलाच आला होतास.’

‘हो.’

‘मलाही वाटलं होतं काहीतरी आहे. म्हणून नीलला लाकडं आणायला पाठवलं मी. लाकडांची पेटी भरलेली होती.’

केट नील उठली, कोटाची बटणं लावली. वरचं बटण लागेना, पण मेजरनं हात पुढं करायची हिंमत केली नाही. शेवटी तिनं ते तसंच सोडलं.

‘नील बाहेर बसलाय,’ ती म्हणाली. ‘त्याला तू सांग. मी नाही सांगणार. तो विचारेल असं का झालं, तसं का केलं, आणि मला तिथलं काही माहीत नाही. तुला माहीत आहे. मी इथं बसते.’

‘आत्ता?’

‘मग कधी?’

मेजर बाहेर आला. ट्रकमध्ये जाऊन नीलला काय सांगायचं हे आता त्याला पाठ होतं, एकदा म्हणून झालं होतं, आणि तरी पायऱ्या उतरताना त्याच्या लक्षात आलं की केटला सांगणं सोपं होतं. तिनं त्याचा फोटो नऊ खिळ्यांनी कुठे ठोकला नव्हता. पटांगणात गुडघाभर चिखल होता. मेरी डॅन पायरीशी उभी होती. तिनं त्याला वाट दिली.

नीलचा ट्रक कुंपणाशी होता, इंजिन चालू, काचा वाफेनं पांढऱ्या. मेजरनं काचेवर बोटानं टकटक केलं. नीलनं काच खाली केली आणि त्याला बघून हसला.

‘मत तुलाच आहे, मेजर. त्यासाठी चिखलात कशाला उतरलास? केट कुठाय?’

‘आत आहे. मतासाठी नाही आलो. डंकनचं सांगायचंय.’

नीलचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, तो ते काढायला विसरल्यासारखं. मग त्यानं मेजरच्या खांद्यावरून हॉलच्या दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

‘पत्रात आहे त्याहून वेगळं?’

‘वेगळं.’

नीलनं शेजारच्या सीटवरची पिठाची गोणी उचलून पायाशी ठेवली आणि वाकून पलीकडचं दार आतून उघडलं. ते बाहेरून उघडत नसे. मेजर वळसा घालून गेला आणि चिखलाच्या बुटांनी आत चढला. नीलनं इंजिन बंद केलं.

‘बोल,’ नील म्हणाला. तो समोरच्या काचेकडे बघत होता, तिच्यातून काही दिसत नव्हतं तरी.

‘नदीपलीकडे एक घर होतं,’ मेजर म्हणाला. ‘मी त्याला तिथं वीस मिनिटं आधी पाठवलं.’